शिमग्याच्या आत दोन ओळी

मी पेशाने प्राथमिक शिक्षक होतो आणि हौसेने वार्ताहर. आज वय ऐंशीच्या पुढे गेलं आहे. हाताला कंप आहे म्हणून एवढं लिहायला महिना लागला. चाळीस वर्षांचा उशीर मात्र हाताच्या माथी मारता येणार नाही.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी माझी बदली पोलादपूर तालुक्यात झाली. कापडे गावाच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे, तिचं नाव लिहीत नाही. चाळीस-पंचेचाळीस घरं, खाली भाताची खाचरं, वर डोंगर. कापड्याच्या रस्त्यावरून वाडीत यायचं तर दगडी पायऱ्यांची पाखाडी चढावी लागे. माझं घर महाडला. शनिवारी दुपारी शाळा सुटली की मी खाली उतरून एसटी पकडायचो आणि सोमवारी सकाळी परत चढायचो. महाडला एक साप्ताहिक निघे, त्यात मी तालुक्याच्या बातम्या लिहायचो. पावसाने वाहून गेलेले साकव, भजनी मंडळांचे वर्धापनदिन, कोणाच्या तरी म्हशीला चावलेला साप. बातमीच्या खाली ‘आमच्या वार्ताहराकडून’ असं छापून यायचं. नाव नसायचं, आणि त्याची खंत मला फार होती.

ज्यांच्याबद्दल हे लिहितो आहे ते वाडीतच राहायचे, पाखाडीच्या शेवटच्या पायरीपासून तिसऱ्या घरात. लहानपणी तापात त्यांचे दोन्ही पाय गेले होते. हातांत दोन लाकडी ठोकळे धरून, गुडघ्यांना टायरच्या रबराच्या वाट्या बांधून ते चालत. त्या वाट्या त्यांनी स्वतः कापून, दाभणाने शिवून केल्या होत्या. वाडीने त्यांना त्यांच्या पायांवरून एक नाव ठेवलं होतं आणि सगळे त्याच नावाने हाक मारायचे. मीही मारायचो. ते माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे, तरी मी त्यांना अरे-तुरे करायचो आणि ते मला ‘अहो गुरुजी’ म्हणायचे. ते नाव इथे येणार नाही.

ते छत्र्या, बॅटऱ्या आणि ट्रान्झिस्टर दुरुस्त करत. आमच्या त्या मुलखात चार महिने छत्री हा माणसाचा एक अवयवच असतो, त्यामुळे त्यांच्याकडे कापड्यापासून, पार पोलादपुरातूनही गिऱ्हाईक यायचं. घरात म्हातारी आई. ती त्यांच्या कमाईवर जेवत होती. वाडीतल्या निम्म्या घरांतले पुरुष मुंबईला, त्यांना पाठवायची पत्रं तेच लिहून द्यायचे. सांगणारीने आठ वाक्यं सांगितली तर ते चारच लिहायचे. म्हणायचे, “गो वयनी, येवढं रडगाणं लिवलं तर तो नोकरी सोडून येल. मग त्येला खायला कोण घालील?”

रविवारी दुपारी सहाणेवर, म्हणजे देवाची पालखी टेकवायच्या ओट्यावर, ते लोकांना साप्ताहिक वाचून दाखवायचे. माझी बातमी आली की शेवटी डोळे मिचकावून जोडायचे, “आमच्या वार्ताहराकडून. म्हंजे आपलेच गुरुजी.” हे मला दर सोमवारी कोणी ना कोणी सांगे.

आता त्या वाडीतली एक पद्धत सांगायला हवी, तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. ग्रामपंचायतीत वाडीचा एक सभासद असे. त्याची निवडणूक कधी व्हायचीच नाही. शिमग्याला मुंबईकर गावी आले की सहाणेवर गावकी बसायची, वाडीच्या मुंबईतल्या मंडळाचा अध्यक्ष आणि गावातली जाणती माणसं मिळून एक नाव ठरवायची, आणि पुढे फॉर्म एकाचाच भरला जायचा. गावकीने ठरवलेल्या नावाविरुद्ध कोणी फॉर्म भरला, असं घडलेलं नव्हतं. तोवरचा सभासद अंगठा उठवणारा होता. पंचायतीत कशावर अंगठा उठवला हे त्याला घरी आल्यावर सांगता यायचं नाही. त्यामुळे आदल्या गणपतीत मंडळाच्या अध्यक्षांनी स्वतःच विषय काढला होता की या खेपेला लिहिता-वाचता येणारा माणूस द्यायचा. आणि त्यांनी नाव घेतलं ते यांचं. शिमग्याला शिक्कामोर्तब व्हायचं होतं.

त्यांना सभासद व्हायचं होतं ते पाखाडीसाठी. पायऱ्या ओबडधोबड, काही तर मांडीएवढ्या उंच. आजारी माणसाला डोलीत घालून उतरवावं लागे, अवघडलेल्या बायका खाली जायचं नाव काढत नसत. मतदानाच्या दिवशी उशीर नको म्हणून यांना कोणीतरी पाठुंगळीला मारून खाली न्यायचं. ते त्यांना फार लागायचं. “मत मी देतो आन वजन दुसरा उचलतो,” असं म्हणायचे. त्यांनी सगळ्या पायऱ्या हातांनी मोजल्या होत्या. कुठली दोन विती उंच, कुठली अडीच, सगळं वहीत होतं. त्यावरून त्यांनी एक अर्ज लिहिला होता: पायरी एका वितीपेक्षा उंच नसावी, एका बाजूने पायऱ्यांशिवाय उतरती वाट ठेवावी आणि तिच्या कडेला धरायला लोखंडी पाइप लावावा.

ते एक्क्याऐंशी साल होतं. अपंगांचं वर्ष म्हणून ते जगभर पाळलं जात होतं आणि आमच्या तालुक्यानेही ते पाळायचं ठरवलं. पोलादपुरात कार्यक्रम होता, एक मोठे पुढारी येऊन तीनचाकी सायकली वाटणार होते. गावोगावच्या शिक्षकांनी एकेक लाभार्थी आणायचा होता. मी त्यांना विचारलं.

“सायकल घेऊन काय करू?” ते म्हणाले. “पाखाडीवर ती माझ्यावर बसंल.”

“अरे, मिळतेय तर घे.”

“येतो. पन एक बोलतो गुरुजी. माझा अर्ज मला स्टेजवर वाचू द्यायचा. चार ओळींचा तर हाय.”

मी म्हटलं, त्यात काय, मी सांगतो तिथल्या लोकांना. कोणाला सांगायचं हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

कार्यक्रमाच्या दिवशी ते पहाटेपासून एकेक पायरी बसत पाखाडी उतरून माझ्याआधी स्टॉपवर हजर होते. पांढरा इस्त्रीचा शर्ट, तेल लावून भांग पाडलेला, खिशाला पेन. एसटीच्या दारातला दांडा धरून ते दोन हातांवर वर चढले. कंडक्टर हात द्यायला आला तर म्हणाले, “तुमी तिकटं फाडा, मी चढतो.”

पोलादपुरात मांडव घातला होता. साप्ताहिकासाठी फोटो काढायला महाडहून एक फोटोग्राफर आला होता. त्याने कॅमेऱ्यातून यांच्याकडे पाहिलं आणि मला बाजूला घेतलं. “मास्तर, हा फोटो कोण छापणार? हा तर सायकल विकत घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकासारखा दिसतोय.”

मला ते पटलं. नुसतं पटलं नाही, आपल्याला हे आधी कसं सुचलं नाही असं वाटलं. मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो आणि म्हणालो, “शर्ट काढतोस का जरा? आणि त्या गुडघ्याच्या वाट्याही. एका मिनिटाचं काम.”

“कशाला?”

“फोटो चांगला येईल.”

“शर्ट घातल्यावर वाईट येतो काय?”

“लोकांना कळायला पाहिजे ना तुझी परिस्थिती.”

त्यांनी गुडघ्यांच्या वाट्यांवर हात ठेवला. मग म्हणाले, “चपला देवळात काढतात, गुरुजी. हितं कोन देव हाय?”

तेवढ्यात पुढारी आले, गडबड उडाली, आणि मी स्वतः त्यांच्या शर्टाची बटणं सोडवली. हे मी आजवर बायकोलाही सांगितलं नव्हतं. एका मोठ्या माणसाच्या अंगावरचा शर्ट मी मांडवात, चारचौघांत काढला, लहान पोराचा काढावा तसा. त्यांनी हात वर केले नाहीत आणि मला अडवलंही नाही. वाट्या त्यांनी स्वतः सोडल्या आणि माझ्या हातात दिल्या. मग मी त्यांना म्हणालो, साहेबांच्या पायांकडे हात कर. त्यांनी तेही केलं. फोटोग्राफरने दोनदा बटण दाबलं.

अर्ज कोणी वाचू दिला नाही. भाषणं झाली, ‘या अभागी जीवांना’ असं तीनदा बोललं गेलं, आभार मानून झाले. परत येताना त्यांनी खिशातून अर्ज काढून मला दिला. “तुमी पेपरात टाका. स्टेजपेक्षा तेच बरं.” मी तो माझ्या खिशात ठेवला. सायकल ट्रकने मागाहून आली आणि कापड्यात, पाखाडीच्या तळाशी कोणाच्या तरी पडवीत राहिली. पुढे तिच्या सीटवर कोंबडी अंडी घालू लागली. ते म्हणायचे, सरकारने माझ्या नावाने कोंबडी तरी बसवली.

त्या शनिवारी मी महाडला घरी बसून लेख लिहिला. प्रथमच माझ्या नावानिशी छापतो असं संपादक म्हणाले होते. काय लिहिलं ते मला अजून पाठ आहे. ‘दोन वेळच्या अन्नाला मोताद झालेला हा दुर्दैवी जीव शेजाऱ्यापाजाऱ्यांनी टाकलेल्या उष्ट्यावर दिवस कंठतो. सरपटत सरपटत तो आपल्या तारणहाराच्या पायांपाशी आला तेव्हा उपस्थितांचे डोळे पाणावले.’ असं बरंच. त्याच आठवड्यात मी त्यांच्या घरी जेवलो होतो. त्यांच्या आईने तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण केलं होतं, आणि मी दुसरी भाकरी मागून घेतली होती. उष्ट्याची कल्पना मला कुठून सुचली? कुठूनही नाही. अशा माणसावर लेख लिहायचा तर असंच लिहितात, असं मला वाटायचं. वाचलेलं सगळं तसंच होतं. अर्जाचा मी लेखात उल्लेखही केला नाही, कारण ज्याचे हात पायांकडे पसरलेत त्याच्या वहीत पायऱ्यांची मापं असतात, हे त्या लेखात बसत नव्हतं.

पुढच्या सोमवारी मी अंक घेऊन चढलो. माझं नाव छापून आलेला पहिला अंक, रविवारपर्यंत थांबवेना. संध्याकाळी सहाणेवर दहा-पंधरा माणसं होती, त्यांच्यात ते एका छत्रीची काडी बसवत होते. मी अंक त्यांच्याच हातात दिला. म्हणालो, “वाच. तुझ्यावर आहे.”

त्यांनी हात पुसले आणि मोठ्याने वाचायला घेतलं. पहिली दोन वाक्यं त्यांनी रोजच्या आवाजात वाचली. उष्ट्याच्या ओळीपाशी आवाज जरा हळू झाला, पण ते थांबले नाहीत. एकही शब्द गाळला नाही. शेवटपर्यंत वाचून त्यांनी माझं नावही वाचलं. मग अंकाची घडी घातली आणि म्हणाले, “गुरुजी, ह्या मानसाला एकदा भेटला पायजे. लय हाल हायेत त्येचे.”

दोघं-तिघं हसले. मीही हसलो, कारण काय करावं ते कळेना.

लोक उठून गेल्यावर ते म्हणाले, “तुमी लिवलात ते लिवलात. पन हा कागद मुंबईत जानार. तिथल्या खोलीवर लोक वाचनार. शिमग्याच्या आत दोन ओळी टाका, का मी कोनाचं उष्टं खात नाय. माझ्यासाठी नको. वाडीचं नाव गेलंय त्यात, गावकी मला सोडनार नाय.”

“टाकतो,” मी म्हणालो. “पुढच्याच अंकात.”

मी खुलासा लिहिलाही होता. दोनच ओळी. शनिवारी तो घेऊन मी संपादकांकडे गेलो, तर त्यांनीच मला खुर्ची दिली, चहा मागवला. “मास्तर, आमच्या घरी तर रडारड झाली वाचून. जिल्ह्याला कार्यक्रम आहे, तुमचं नाव कळवलंय. सत्कार.” खुलासा माझ्या वरच्या खिशात होता. मी दोन घोट चहा प्यालो आणि भजनी मंडळाची बातमी दिली. नंतरच्या शनिवारीही तसंच झालं. त्याच्या नंतर मी तो कागद खिशात न्यायचंही सोडलं. दर सोमवारी ते विचारायचे, “आलं काय हो?” मी म्हणायचो, जागा नव्हती. तीनदा विचारल्यावर त्यांनी विचारणं बंद केलं.

शिमगा आला. सत्कार शिमग्यानंतर आठ दिवसांनी होता. होळी लागली, दुसऱ्या दिवशी दुपारी सहाणेवर गावकी बसली. शाळेचा गुरुजी म्हणून मलाही सतरंजीवर जागा होती. मंडळाचे अध्यक्ष गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते, चांगला, शब्दाला जागणारा माणूस. त्यांनी पाकिटातून कात्रण काढलं आणि सतरंजीवर ठेवलं.

“खात्यातल्या लोकांनी माझ्या हातात दिला हा,” ते म्हणाले. “बोलतात, तुमच्या गावात आदमीला जूठा टाकतात काय? मी काय बोलू? पंधरा साल इज्जतीत काढली तिथं.” मग ते यांच्याकडे वळले. “रे, तू बोललास काय गुरुजींना असं?”

“मी येक शब्द बोललो नाय.”

“मग फोटो? हात कोनी पसरले?”

हात कोणी पसरायला लावले हे त्यांनी सांगितलं असतं तर मी नाही म्हणू शकलो नसतो. त्यांनी सांगितलं नाही. ते माझ्याकडेही बघत नव्हते. मला वाटतं ते मला संधी देत होते.

अध्यक्ष माझ्याकडे वळले. “गुरुजी, तुमी शिकलेला माणूस. तुमीच बोला. लिहिलंय ते खरं का खोटं?”

सगळी सहाण माझ्याकडे बघत होती. मला सत्काराची शाल दिसत होती, संपादकांची खुर्ची दिसत होती. ‘खोटं’ हा एक शब्द होता. मी म्हणालो, “लेखात थोडं खुलवून लिहावं लागतं. पण त्याची परिस्थिती काही लपलेली नाही. सगळे बघतोच आपण.”

म्हणजे खरं, असंच सगळ्यांनी धरलं. मीही त्यांनी तसंच धरावं म्हणून ते तसं म्हणालो होतो.

एक म्हातारा म्हणाला, “ज्येची दया पेपरात आली त्येला पंचायतीत बसवायचा, तर पंचायत हसंल.” दुसरा म्हणाला, “आन मिटींगला उचलून कोन न्येनार?” त्यावर ते फक्त एवढंच म्हणाले, “मी चालत जातो.” कोणी ऐकलं नाही. सभासद म्हणून अध्यक्षांच्या चुलतभावाचं नाव ठरलं. आणि वाडीचं नाव घालवलं म्हणून यांनी देवापुढे नारळ ठेवून चूक कबूल करायची, असा निवाडा झाला. गावकीचा तो रिवाज होता. त्यांनी नारळ ठेवला. पालखीपर्यंत जाताना ठोकळ्यांचा टक टक असा आवाज होत होता, तो मी मान खाली घालून ऐकला. ठेवताना म्हणायचं असतं ‘चुकलं, पदरात घ्या’. तेही ते म्हणाले. त्यांनी म्हटलं ते माझ्या वाक्यांसाठी.

खाली उतरताना त्यांचं घर वाटेत. आई दारात उभी होती, तिला सगळं कळलं होतं. मी नजर चुकवून जात होतो तर तिने हाक मारली. “गुरुजी, जेवून जावा. ताजं हाय. उष्टं नाय.”

मी एसटीची वेळ झाल्याचं सांगून पाखाडी उतरलो.

आठ दिवसांनी माझा सत्कार झाला. शाल मिळाली, आणि नारळ मिळाला.

पुढे दीड वर्ष मी त्या वाडीत होतो. रविवारचं वाचन त्यांनी बंद केलं, साप्ताहिक सहाणेवर यायचं थांबलं. माझ्याशी ते वाईट वागले नाहीत. एकदा पावसात माझी छत्री उलटली, ती त्यांनी नीट करून दिली. मी काही तरी बोलायला सुरुवात केली तर म्हणाले, “काडी नवी घातलीय, वाऱ्यात एकदम उघडू नका.” मग माझी बदली महाडजवळ झाली. नंतर कधी तरी बाजारात वाडीतल्या एका माणसाकडून कळलं की ते वारले. मी विचारलं, पाखाडीचं काय झालं? तो म्हणाला, कसलं काय, तशीच हाय.

काही वर्षांपूर्वी मी मुलाच्या गाडीतून तिथे गेलो. आता वाडीत डांबरी रस्ता जातो. पाखाडी झाडीत बुजली आहे, पण आहे. मी चढून पाहिली. माझे गुडघे गेले आहेत, नवव्या पायरीवर मला बसावं लागलं. ती मांडीएवढी उंच होती. धरायला काही नव्हतं.

त्यांचा अर्ज माझ्याकडे आहे. तो मी ग्रामपंचायतीला पाठवायला हवा होता, साप्ताहिकाला द्यायला हवा होता. मी तो एका शब्दकोशात ठेवला आणि दोनदा घर बदललं तेव्हा शब्दकोशाबरोबर तोही आला. शेवटची ओळ अशी आहे: ‘वरील काम केल्यास मला व इतरांना कोणाची मदत न घेता खाली जाऊन मत देता येईल, ही विनंती.’

ते साप्ताहिक बंद पडून फार वर्षं झाली. संपादक नाहीत, अध्यक्ष नाहीत, त्यांची आई नाही. त्या लेखाचं कात्रण मात्र कोणाच्या तरी ट्रंकेत असेल आणि त्यात ते अजून माझ्याच शब्दांत हात पसरून बसलेले असतील. म्हणून, त्यांनी मागितलेल्या ओळी:

‘आमच्या अंकात एका अपंग गृहस्थांविषयी आलेला मजकूर खोटा होता. ते स्वतःच्या कामावर जगतात, आईला सांभाळतात आणि कोणाचं उष्टं खात नाहीत; त्यांच्या वाडीने त्यांना कधी उष्टं दिलेलं नाही. फोटोतला शर्ट मी काढला होता आणि हात मी पसरायला लावले होते. गावकीने विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. नारळ माझा होता.’

दोन ओळींत बसलं नाही.